सापडलं तरी ओरडायचं नाही

घुबड चिनी मातीचं होतं, मुठीएवढं. दिसायला इतकं भयंकर की ज्याने बनवलं त्याने डोळे मिटून बनवलं असावं. एक डोळा वाटोळा, दुसरा बारीक, आणि चोचीच्या जागी नुसता पिवळा फराटा. मामीच्या थोरल्या भावाने लग्नात मोठ्या प्रेमाने भेट दिलेलं. मामीने पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं, "हे ध्यान मला घरात दिसता कामा नये."

मामाने हुकूम तंतोतंत पाळला. दिसू दिलं नाही. तांदळाच्या डब्यात पुरलं.

मामीने तांदूळ काढायला हात घातला आणि मुठीत घुबड आलं. दुसरी कुणी असती तर शेजारपाजार गोळा केला असता. मामीने हूं की चूं केलं नाही. भात शिजवला, वाढला, "मीठ बरोबर आहे ना?" असंही विचारलं. पुढे कधीतरी मामाने पायात बूट घातला, तर बुटात घुबड.

तेव्हापासून जो खेळ सुरू झाला तो दोघांचे केस पिकले तरी चालूच होता. नियम एकच, आणि तोही कुणी कधी बोलून ठरवलेला नव्हता. सापडलं तरी ओरडायचं नाही. गुपचूप उचलायचं आणि आपली जागा शोधायची. जो ओरडेल तो हरला. घुबड गादीच्या खोळीत निघालं, पाहुण्यांच्या टॉवेलात निघालं, एकदा तर मामाच्या वाढदिवसाच्या केकच्या खोक्यात केकच्या जागी निघालं. पाहुणे ओरडले. मामाने शांतपणे मेणबत्ती विझवली.

मामाचा धंदा फोटोचा. खाली स्टुडिओ, वर घर, आणि घराच्याही वर गच्चीला लागून एक खोली. त्या खोलीत भाची राहायची. शिकायला म्हणून आली ती राहिलीच. लहानपणी फ्रॉकच्या खिशात बटणं, बिया, बाटल्यांची झाकणं साठवायची म्हणून मामाने तिचं नाव खारूताई ठेवलं होतं. आता ती तिशीला टेकली होती, पण साठवायची खोड गेली नव्हती. आता ती फोटो साठवत होती.

"मामा, असं बघ," तिने पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती जिन्यातच बसली होती, मांडीवर लॅपटॉप. "एखाद्या छोट्या दवाखान्याला पत्रक छापायचंय. त्याला एक डॉक्टरचा फोटो हवा. मोठ्या साइटवर गेला तर किंमत बघूनच त्याला ताप येतो."

"आणि ते डॉक्टर तरी कसले!" मामा म्हणाला. "कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवतात. खऱ्या डॉक्टरने तुला कधी अंगठा दाखवलाय का? तो बिल दाखवतो."

"तेच तर! म्हणून मी शोधयंत्र बनवतेय. लहान लहान स्टुडिओवाल्यांचे फोटो एका जागी. शब्द टाकायचा, फोटो समोर. आणि किंमत चहाबिस्किटाची."

कल्पना मामाला एकदम पटली, कारण त्यात मोठ्या लोकांची जिरवायची सोय होती. अडचण एवढीच की कपाटातले जुने फोटो चालेनात. लग्नातल्या नवरदेवाचा फोटो त्याला न विचारता बद्धकोष्ठाच्या जाहिरातीला विकता येत नाही, असं खारूताईचं म्हणणं. मामाला त्यात काही गैर वाटत नव्हतं, पण कायद्यापुढे त्याने हात टेकले.

मग नवे फोटो काढायचं ठरलं. शेजारचा शिंपी, ज्याला सगळे टाके म्हणायचे, तो पांढरा कोट चढवून डॉक्टर झाला. दुसऱ्या दिवशी तोच कोट काढून पेशंट झाला. मामीची मैत्रीण शिक्षिका झाली, बँकवाली झाली, आणि "रागावलेली ग्राहक" तर अशी झाली की फोटो झाल्यावरही तिला शांत करायला वेळ लागला. इतर स्टुडिओवालेही फोटो पाठवू लागले, पण सर्वांत जास्त मामाचे.

"आणि मामी, तुझं काम सगळ्यात महत्त्वाचं," खारूताई म्हणाली. "डोळे असलेलं यंत्र मला परवडत नाही. माझ्या यंत्राला फक्त शब्द कळतात. तर प्रत्येक फोटोखाली शब्द लिहायचे. जे दिसतं ते लिहायचं. आवडत नसलं तरी लिहायचं. लहानात लहान गोष्टसुद्धा. ज्या फोटोला जास्त नीट शब्द, तो माझं यंत्र सगळ्यात वर दाखवणार."

"दिसतं ते सगळं?" मामीने विचारलं.

"सगळं."

"बरं," मामी म्हणाली, आणि चष्मा पुसून कामाला लागली.

इथे मामाच्या डोक्यात किडा वळवळला. बायको रोज दुपारी बसून त्याचा एक न् एक फोटो बारकाईने बघणार. म्हणजे लपवायला याच्याहून झकास जागा सापडणार होती का? त्या दिवसापासून प्रत्येक फोटोत घुबड शिरलं. डॉक्टरच्या मागे औषधांच्या बाटल्यांत घुबड. आनंदी कुटुंबाच्या सोफ्यामागून डोकावणारं घुबड. ऑफिसातल्या फायलींवर बसलेलं, कुंडीतल्या पानांआड दडलेलं, आणि एका फोटोत तर नुसतं चमच्याच्या पाठीत उमटलेलं प्रतिबिंब. ते साधायला मामा अर्धा दिवस पोटावर झोपला होता. टाक्यांनी विचारलंसुद्धा, "अहो, सूपचा फोटो काढताय की खंदक लढवताय?"

आणि रोज दुपारी मामा काहीतरी निमित्त काढून मामीच्या पाठीमागे घुटमळायचा. मामी टकटक टाइप करत असायची. चेहरा कोरा.

"काही... वेगळं दिसलं का गं फोटोत?"

"टाक्यांच्या कोटाला बटण नाहीये. शिंपी असून!"

बस. एवढंच. मामाच्या पोटात गुदगुल्या नुसत्या साठून राहिल्या. हिला दिसलं नाही की ही मूग गिळून बसलीये? विचारायची सोय नव्हती. विचारलं तर तो हरला.

खारूताईला घुबड दिसत होतं की नाही? तिला फोटोच दिसत नव्हते. तिच्यासाठी फोटो म्हणजे एक नंबर आणि खाली शब्द. आणि घरात ते घुबड तिने इतक्या ठिकाणी पाहिलं होतं की तिच्या डोळ्यांना ते पंख्याच्या बटणासारखं झालं होतं.

यंत्र छान चालू लागलं. फक्त गिऱ्हाईक येईना. येऊन बघून जायचे, "छान आहे" म्हणायचे, आणि छान म्हणणारा माणूस परत येत नाही हे मामाला धंद्याने शिकवलं होतं. खारूताईची शिल्लक संपत आली. मग एका मोठ्या कंपनीचा फोन आला. दुसऱ्या शहरात नोकरी. सोमवारी उत्तर द्यायचं.

ती जेवताना म्हणाली, "शुक्रवारी छापखान्यावाल्या बाई येणार आहेत. अर्ध्या शहराची पत्रकं त्या छापतात. त्यांनी वर्षाचं काम दिलं तर मी इथेच. नाही दिलं तर..." तिने घास गिळला. "सूटकेस माळ्यावरून काढून ठेवली पाहिजे."

मामाने एक फर्मास विनोद तयार ठेवला होता, तो त्याने परत खिशात टाकला. मामी उठून पाणी आणायला गेली. तांब्या भरलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी सूटकेस खाली आली. वरच्या खोलीच्या दारात उभी राहिली, पाहुणा विसरून गेलेल्या पावसाळी छत्रीसारखी. मामा जिन्याने वर जाताना तिला दर वेळी हळूच लाथ मारायचा.

आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की घुबड गायब आहे. फोटो संपल्यावर त्याने ते स्टुडिओतल्या पडद्यामागे ठेवलं होतं. म्हणजे मामीला सापडलं होतं. त्याने तांदूळ बघितले, बूट बघितले, फ्रीज बघितला. कुठेच नाही.

शुक्रवारी छापखान्यावाल्या बाई आल्या. उंच, सडपातळ, चष्म्याला साखळी, आणि बोलणं असं की शब्द कापून कापून टाकायच्या. मामाने दारातच त्यांचं नाव करवतबाई ठेवलं, अर्थात मनात. एरवी त्याने त्यांना खुर्चीवर बसवताना खुर्चीखालून मांजराचा आवाज काढला असता. आज तो भिंतीला टेकून हातांची घडी घालून उभा राहिला, शाळेतल्यासारखा.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या. खारूताईने टाइप केलं.

पडद्यावर टाके आले, पांढरा कोट, गंभीर चेहरा. बाईंनी मान हलवली. "बरा आहे. खरा वाटतो. कुटुंब."

कुटुंब आलं. बाई जरा पुढे वाकल्या. "ऑफिस."

ऑफिस आलं. बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "मागे जा. परत डॉक्टर. आता कुटुंब." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हा पक्षी कोणाचा?"

"कुठला पक्षी?" खारूताई म्हणाली, आणि मग तिला दिसलं. तिने वळून मामाकडे बघितलं. ओरडली असती तर बरं होतं. नुसतं बघितलं.

मामा भिंतीपासून पुढे आला. आयुष्यभर त्याने लोकांच्या खोड्या काढल्या, पण कधी कुणाचं नुकसान केलं नव्हतं. पासपोर्टच्या फोटोत माणूस हसला तर दुसरा फोटो फुकट काढून द्यायचा तो. आणि आता त्याने आपल्याच पोरीला आपल्याच हाताने गाडीत बसवलं होतं. त्याला दारातली सूटकेस दिसू लागली.

"बाई, ते माझं काम," तो म्हणाला. "तिला माहीतही नाही. गंमत म्हणून केलं."

"मधुमेहाच्या पत्रकावर मी घुबड छापू? गंमत म्हणून?"

"बाई, ते तसं स्वभावाने चांगलं..."

"मामा, गप्प," खारूताई म्हणाली.

बाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. चिडलेल्या माणसाने दार आपटावं तशी त्यांनी शोधाच्या चौकटीत अक्षरं आपटली. घुबड.

आणि पडदा भरला. डॉक्टर, पेशंट, शिक्षिका, रागावलेली ग्राहक, सूप, कुंडी, खिडकी. सगळे. प्रत्येकाखाली मामीचे शब्द. "डॉक्टर, कोट, बटण नाही, बाटल्या, घुबड वरच्या फळीवर." "बाप, आई, मुलगी, सोफा, घुबड सोफ्यामागे, फक्त कान." "सूप, वाटी, चमचा, घुबड चमच्यात."

मामाने जिभेखाली एक हुंकार दाबला. हिला सगळं दिसलं होतं! पहिल्या दिवसापासून! आणि ही बया बटणाबद्दल बोलत होती!

"चमच्यात?" बाई म्हणाल्या. त्यांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. नाक पडद्याला टेकायचं बाकी राहिलं. "आहे खरं."

त्यांनी दुसरा उघडला. "पडद्याची घडी, घुबडाचा पाय." तो शोधायला त्यांना वेळ लागला. सापडला, तसा त्यांनी पुढचा उघडला. मग त्याच्या पुढचा. मामी चहा घेऊन आली, ट्रे ठेवला, कुणाचं लक्ष नाही. चहावर साय धरली.

खारूताई सावरली होती. तिने खुर्ची पुढे ओढली. "बाई, आता हे बघा. इथे एक चौकट आहे, 'हे नको' म्हणून. इथे घुबड टाकते. वर डॉक्टर."

टाके नाहीसे झाले. त्यांच्या जागी दुसऱ्या स्टुडिओवाल्यांचे डॉक्टर उभे राहिले, साधे, नीटनेटके, मागे फक्त भिंत. बाईंनी कुटुंब टाकलं, ऑफिस टाकलं. एक एक फोटो त्यांनी चष्मा सरकवून तपासला. कुठेच पक्षी नाही. एक पीस नाही.

"दुसरीकडे मी 'म्हातारे गृहस्थ' टाकते," बाई म्हणाल्या, "आणि मला घोडा मिळतो. एकदा 'बाळ' टाकलं तर ट्रॅक्टर आला. माझी निम्मी दुपार त्यात जाते." त्यांनी गार चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं न करता गिळला. "तुझं यंत्र, चमच्यात असलं तरी शोधतं. आणि नको म्हटलं की खरंच आणत नाही. वर्षाचं काम देते. पण हे सगळे फोटो परत काढायचे. पक्ष्याशिवाय."

"काढतो!" मामा म्हणाला. "उद्याच काढतो! टाक्यांना बटणसुद्धा लावायला लावतो!"

दारात चपला घालताना बाई थांबल्या. "तो सोफ्यामागचा मात्र राहू द्या. मुलांच्या दातांचा दवाखाना आहे माझ्याकडे. तिथे पोरं रडतात फार."

त्या गेल्या. पायरीचा आवाज थांबला. मग खारूताईने मामाचा कान पकडला, लहानपणी तो तिचा पकडायचा तसा, आणि पिळला. "घुबड! माझ्या डेमोत! प्रत्येक फोटोत!"

"आई आई आई! अगं, तुझ्या मामीला विचार! तिने लिहिलंच कशाला?"

"दिसतं ते सगळं लिहायचं," मामी म्हणाली. "नियम म्हणजे नियम." आणि कप गोळा करून आत गेली.

मामाचा जीव भांड्यात पडला होता. तो तडक वर गेला, सूटकेस उचलली आणि शिडीवर चढला. अर्ध्या शिडीवर सूटकेसच्या आत काहीतरी गडगडलं. धप्प.

"अगं, ही तर रिकामी होती ना?"

"रिकामीच आहे," खालून शिडी धरलेली खारूताई म्हणाली.

त्याने ती खाली आणून उघडली. कोपऱ्यात मामीच्या जुन्या लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळलेलं घुबड होतं. नीट गुंडाळलेलं, फुटू नये म्हणून चारही बाजूंनी दुमडून. गळ्यात खारूताईने लहानपणी साठवलेलं एक लाल बटण, दोऱ्यात ओवून बांधलेलं.

दोघं गुडघ्यांवर बसून बघत राहिले. इतकी वर्षं जी बाई त्या ध्यानाला घरातून घालवायला निघाली होती, तिला एकदा घालवायची संधी मिळाली, तर तिने ते पोरीबरोबर पाठवायला काढलं. एकटं पडू नये म्हणून. पोरीने की घुबडाने, ते मामाला विचारायचं नव्हतं.

खारूताईने तोंड उघडलं. मामाने ओठांवर बोट ठेवलं. "ओरडायचं नाही."

ती ओरडली नाही. तिने नाक ओढलं आणि घुबड नेऊन आपल्या टेबलावर, पडद्याच्या शेजारी बसवलं. खेळात आता तिसरा भिडू आला होता.

पुढच्या आठवड्यात फोटो नव्याने काढून झाले. मामीने परत शब्द लिहिले. एका संध्याकाळी मामा स्टुडिओ बंद करायच्या आधी सहज यंत्रापुढे बसला आणि खात्री करायला म्हणून 'घुबड' टाकलं. सोफ्यामागचं आलं, तेवढं ठरलेलंच होतं. आणि त्याच्याखाली आणखी एक फोटो आला.

तो मामाने काढलेला नव्हता. मामी खिडकीत बसून मटार सोलत होती. ऊन गालावर. वाटी मांडीत. कुणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण ती खिडकीबाहेर बघून हसत होती, सगळे दात दाखवून. मामाला ती कधी फोटो काढू द्यायची नाही. त्याने कॅमेरा उचलला की तिचा चेहरा पोस्टाच्या पेटीसारखा बंद व्हायचा. हा खारूताईने काढला असणार. खाली शब्द होते, "बाई, खिडकी, ऊन, मटार, घुबड."

मामाने घुबड शोधलं. वाटीत नाही. पडद्यामागे नाही. त्याने फोटो मोठा केला आणि काचेतलं प्रतिबिंब बघितलं. मग तिच्या हातातली बांगडी, कारण चमच्यात बसू शकतं ते बांगडीतही बसू शकतं. बांगडीशेजारी भाजल्याचा जुना डाग होता, तो कधीचा, त्याला आठवेना. कानामागचे केस पूर्ण पांढरे झाले होते. हनुवटीखाली एक खळी पडत होती, ती फक्त या कोनातून दिसायची. घुबड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंग आणलं. तिसऱ्या दिवशी टाक्यांना बोलावलं. टाके म्हणाले, "वहिनी छान दिसतायत." मामा म्हणाला, "ते मला दिसतंय. घुबड सांगा."

त्या संध्याकाळी तो परत त्याच फोटोपुढे बसला होता आणि आतून, स्वयंपाकघरातून, खारूताईचा आवाज आला. हळू, पण घर लहान होतं.

"मामी, खरं सांग. त्या फोटोत घुबड नाहीच ना?"

"नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

भांडी लावल्याचा आवाज. "इतकी वर्षं जगाचे फोटो काढतायत. बसू देत जरा माझ्याकडे बघत."

मामाने ऐकलं. भिंग हातात तसंच राहिलं. सापडलं होतं.

त्याने खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला, आणि स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "छे! कुठे लपवलंय कोण जाणे! आज काही जेवायला उठत नाही बुवा मी!"

आणि परत फोटोत डोकं घातलं.